पहिला नंबर कुणाचा

केरमान, ९ आजर

सियामक,

सलाम. माझे पत्र पाहून तुला नवल वाटेल. फोन केले होते, तू उचलले नाहीस, म्हणून लिहिते आहे. काम तुझ्या धंद्यातले आहे, तेव्हा उत्तर द्यायला हरकत नसावी.

मला घराला चोर-अलार्म बसवायचा आहे. बाजारात दोन तऱ्हा आहेत. एकात भिंतीतून वायर न्यावी लागते, दुसऱ्यात वायर नसते. तुझा चुलतभाऊ हुशंग म्हणतो बिनवायरचा घे, भिंती फोडाव्या लागणार नाहीत. पण हुशंगला प्रत्येक गोष्टीत मत असते, हे तुला ठाऊक आहेच. तू जहाजांवरच्या विजेचे काम करतोस. तुझ्या मते कोणता टिकतो? वीज गेली तर काय होते? मांजर आले तरी भोंगा वाजतो असे शेजारची तलअत म्हणते, ते खरे का?

अलार्म कशासाठी, असे तू विचारशील. तुझा दादा इरज गेल्याला चाळीस दिवस झाले, त्या चाळिसाव्याला घरात चोरी झाली. आम्ही सगळे मशिदीत होतो. हुशंगने इरजच्या फोटोचे कागद छापून गल्लीच्या तोंडापासून बेकरीपर्यंत डकवले होते. त्यावर सगळे होते: कोणती मशीद, किती ते किती, बायकांची बसायची जागा कुठे. चौकीतला अधिकारी मला म्हणाला, "खानूम, घर रिकामं कधी असणार ते तुम्ही स्वतःच भिंतीवर लावलंत." सगळेच लावतात, मी म्हटले. "म्हणून तर चोर आता फक्त भिंती वाचतात," असे म्हणून तो चहा पिऊ लागला.

माझ्या बांगड्या गेल्या. तुझ्या आईचे चांदीचे चहाचे पेलेधारक गेले. इरजचे घड्याळ आणि तो जुना रेडिओ-कॅसेटही गेला. सगळे झोपायच्या खोलीतल्या कपाटातले. कुलूप फुटले नव्हते. आम्ही परतलो तेव्हा दार नेहमीसारखे बंद होते.

एवढेच. अलार्मचे तेवढे कळव.

आणि हो, आबान महिन्याच्या शेवटी, चाळिसाव्याच्या सुमाराला, तू बंदर अब्बासमध्येच होतास ना? फोन लागत नव्हता, म्हणून विचारते.

माहरुख


केरमान, २ दै

सियामक,

तुझे उत्तर मिळाले. वायरचाच घ्यावा, आत मोठी बॅटरी असावी, मांजरासाठी सेन्सर कमरेच्या उंचीवर लावावा. सगळे नीट लक्षात आले. हुशंगला वाचून दाखवले तर म्हणाला, "जहाजावर ठीक आहे, घर म्हणजे जहाज नव्हे." मी वायरचाच घेणार आहे.

तू एका प्रश्नाचे उत्तर दिले नाहीस. तो मी पुन्हा विचारत नाही.

काल अलार्मवाला घर पाहून गेला. पर्तवी नाव आहे. खूप बोलतो. आल्याआल्या त्याने दार पाहिले, कुलूप पाहिले, आणि मला म्हणाला, "खानूम, घरात एखादा जुना एक्स-रे आहे का?"

"कशाला?"

"आणा तर. गंमत दाखवतो."

घरात एक्स-रे कुणाचे असणार? खाणीच्या दवाखान्यात दर वर्षी काढलेले इरजचे आहेत, कपाटावर पाकिटात. त्यातला एक मी दिला. पर्तवी बाहेर गेला आणि मला दार ओढून घ्यायला सांगितले. मी ओढले. दाराच्या फटीतून ती काळी फिल्म सरकत आली, वर गेली, आणि मी मागे व्हायच्या आत तो माझ्यासमोर उभा होता.

"बघितलंत? लॅचला एवढं पुरतं. चावी दोनदा फिरवली असती तर माझा बापही आत आला नसता." मग सवयीने त्याने फिल्म उजेडाकडे धरली. त्याला बरगड्या दिसल्या असतील, आणि कोपऱ्यातले नाव. त्याने ती हळूच पाकिटात घातली. "माफ करा. मला ठाऊक नव्हतं."

चावी दोनदा फिरवायचे काम इरजचे होते. मी कधी फिरवली नाही, चाळिसाव्यालाही नाही.

आता खरे सांगते. फिल्मने दार उघडले तेव्हा मला बरे वाटले. चोराला चावी लागली नव्हती, आणि या घराची एक चावी अजून तुझ्याकडे आहे. तुझी आई गेली त्या वेळी तू उंबऱ्यावरून ओरडून गेलास, "पुन्हा या दारात पाय ठेवणार नाही," पण चावी फेकली नाहीस. गेले काही आठवडे मला तेवढेच आठवत होते.

बरे वाटणे संध्याकाळपर्यंत टिकले. संध्याकाळी तलअत सूप घेऊन आली. बराच वेळ झाकण उघडत-लावत बसली, मग म्हणाली, "माहरुख, तुला सांगू की नको, कळत नाही."

"सांग."

"चाळिसाव्याला माझे गुडघे धरले, म्हणून मी मशिदीतून लवकर उठले ना? तुझ्या दारातून इरज आगा बाहेर पडताना पाहिले मी."

"तलअत!"

"अगं, पाठमोरे. तोच खांदा, उजवा जरा उतरलेला. तेच हात मागे बांधून चालणं. मी म्हटलं, चाळिसाव्याला आत्मा घरी फेरी मारतो म्हणतात, मारली असेल. घाबरून घरात पळाले, कुणाला बोलले नाही. पण आता वाटतं, आत्मा बाहेर पडल्यावर दार नीट लागलं का ते ढकलून बघतो का गं?"

सूप गार झाले. इरजसारखा खांदा मी जगात आणखी एकाचाच पाहिला आहे.

माहरुख


केरमान, २१ दै

सियामक आगा,

तुमच्या दुसऱ्या पत्रात चारच ओळी होत्या. बॅटरी कोणत्या कंपनीची घ्यावी, आणि खाली, "वहिनी, बाकी काही विचारू नका." मला न विचारून चालणार नाही.

पुढच्या शनिवारी मला चौकीत जायचे आहे. अधिकारी म्हणतो, संशयिताचे नाव दिले नाहीत तर कागद बंद करावा लागेल. "घरातलं कुणी? नातेवाईक? खानूम, बहुतेक वेळा घरचाच असतो. तुम्ही तोंड उघडत नाही म्हणजे तुम्हाला नाव ठाऊक आहे." त्याने पेन माझ्यापुढे ठेवले होते. मी म्हटले, शनिवारी सांगते.

तेव्हा शनिवारपर्यंत मला कळायला हवे. तुमचे नाव एकदा लिहून दिले की ते परत घेता येणार नाही, आणि मग या जगात इरजचे म्हणून माझे कुणी उरणार नाही. न लिहिले, तर मी आयुष्यभर या घरात तुमच्याकडे संशयाने पाहत बसेन, तुम्ही समोर नसलात तरी.

मी पहिल्या पत्रात सगळे लिहिले नव्हते. त्या दिवशी मशिदीतून आल्यावर झोपायच्या खोलीत सगळे उलथेपालथे होते. बाहेरच्या खोलीत मात्र काहीच हलले नव्हते. पाहुण्यांसाठी थर्मासमध्ये चहा भरून ठेवला होता. एक पेला प्यालेला होता. धुऊन ठेवला होता, आणि त्याच्या तोंडावर चमचा आडवा ठेवला होता. आता नको, पुरे, असे सांगायला तुमची आई ठेवायची तसा. इरज ठेवायचा तसा. पोलिसांना मी तो दाखवला नाही. ते यायच्या आधी कपाटात ठेवला.

चोर चहा पिऊन पेला धुतो का? मी रोज स्वतःला विचारते. आणि धुणारा चोर कोणत्या घरात वाढलेला असतो?

अजून एक गोष्ट आहे. ती मी कुणालाच सांगितलेली नाही, तलअतलाही नाही. इथेही लिहिणार नाही. ज्याला ठाऊक आहे त्याने सांगावी.

पर्तवी मध्ये येऊन वायर घालून गेला. भिंती फोडल्या, घरभर धूळ झाली. पेटी जिन्याखाली बसवली. ही पेटी नुसता भोंगा वाजवत नाही, फोनही करते. आपण आधी आपल्या आवाजात निरोप भरून ठेवायचा, कुणी शिरले की ती एकामागून एक नंबर फिरवते आणि निरोप ऐकवते. तो पेन्सिल घेऊन बसला.

"नंबर सांगा."

"पोलीस चौकी."

"ते शेवटी टाकू. ते उचलत नाहीत. पहिला घरचा माणूस."

"शेजारच्या तलअत खानूम."

"त्या दुसऱ्या. पहिला सांगा की. मुलगा?"

"नाही."

"भाऊ? दीर? कुणीतरी असेलच की खानूम. नसतं कुणाला?"

मी म्हटले, विचार करून सांगते. त्याने पहिली जागा मोकळी ठेवली.

उत्तर शनिवारच्या आत यावे.

माहरुख


केरमान, ३ बहमन

सियामक,

तुझी कॅसेट शुक्रवारी सकाळी मिळाली. पूर्वी कुवेतहून पाठवायचास तशीच, फडक्यात शिवलेली. वाजवायला घरात काही उरले नाही, म्हणून तलअतकडे नेली. तिने बटण दाबले आणि तू "वहिनी, सलाम" म्हणालास. तलअतने दोन्ही हात तोंडावर धरले. "या अल्लाह, हा तर इरज आगा," म्हणाली आणि खोलीतून निघून गेली. मग मी एकटीने ऐकली.

तू जे म्हणालास ते इथे लिहून काढते. मी नीट ऐकले हे तुला कळावे म्हणून.

हुशंगने तुला फोनवर सांगितले, "इरजला बरं नाही, जमलं तर ये." मी त्याला बजावले होते, सरळ सांग, गेला म्हणून सांग. त्याच्याने झाले नाही. आपल्याकडे लांबच्या माणसाला असेच सांगतात. आईच्या वेळी तू समुद्रावर होतास तेव्हा इरजनेही तुला हेच वाक्य सांगितले होते, आणि तू पोहोचलास तो तिच्या चाळिसाव्याला. "तेच वाक्य, वहिनी," तू म्हणालास. "शब्दही बदलले नाहीत. मी बसस्टँडवर उभा होतो, तिकीट हातात होतं. म्हटलं, अजूनही मला परकाच समजतात. आणि बस न धरता परत घरी गेलो. ते वाक्य तुम्हीच सांगायला लावलंत असंच धरून चाललो."

मग दिवस मोजत चाळिसाव्याला आलास. बेकरीजवळ भिंतीवरचा कागद वाचलास. त्यावर माझ्या नावाखाली तुझे नाव होते. ते मीच टाकायला लावले होते. "नाव बघितलं आणि मशिदीत जायचा धीरच झाला नाही. दफनाला कुठे होतास असं सगळे विचारणार. म्हणून घरी आलो. दार सताड उघडं होतं."

त्या दिवशी आमच्याकडे कुणी दार उघडे ठेवले नव्हते, सियामक. पण तुला ते कसे कळणार? मयताच्या घराचे दार उघडेच असते. कुणीही यावे, फातिहा म्हणावी, चहा घ्यावा. दुसऱ्या कोणत्या घराचे दार सताड उघडे असते तर तू गल्ली जमा केली असतीस. तू दारात "या अल्लाह" म्हणून हाक दिलीस, आत बायका असतील तर सावरून बसाव्यात म्हणून. कुणी ओ दिली नाही. तू इरजच्या जागेवर बसलास, चहा घेतलास, पेला धुतलास. झोपायच्या खोलीकडे गेला नाहीस, कारण ती माझी खोली. जाताना दार ओढून घेतलेस आणि लागले का ते ढकलून पाहिलेस. चोर उघडे टाकून गेला ते दार तू बंद केलेस.

हे सगळे मी ऐकले, आणि खरे सांगायचे तर माझा विश्वास बसला नाही. सगळे जुळत होते. चमच्याचे मीच तुला लिहिले होते, तलअतचेही मीच. लिहिलेल्याला जुळवून कुणीही बोलेल. मी बटण बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात तू खाकरलास.

"आणि वहिनी, दाराशी दादाचे बूट होते. बाहेर तोंड करून, आता निघायचंय असे. मला ते बघवेना. मी आत वळवून ठेवले. तुम्हाला आवडलं नसेल तर माफ करा."

ते बूट मीच बाहेर तोंड करून ठेवत होते. रोज पुसायचे आणि तसेच ठेवायचे. त्या दिवशी ते आत वळलेले होते. मी कुणाला बोलले नाही. मी ते तसेच राहू दिले, आणि अजूनही तसेच आहेत.

शनिवारी चौकीत गेले. अधिकाऱ्याने पेन पुढे केले. मी लिहिले, कुणावरही संशय नाही. तो म्हणाला, "तुम्हाला ठाऊक आहे, पण तुम्ही सांगत नाही." मी म्हटले, हो. बूट वळवून ठेवणारा माणूस बांगड्या नेत नाही, हे त्या कागदावर लिहिता आले नसते.

बांगड्या सापडलेल्या नाहीत. सापडतील असे वाटत नाही.

पर्तवी पुढच्या आठवड्यात गुरुवारी दुपारी येऊन पेटी चालू करणार आहे. तेव्हा चाचणी होईल. पहिली जागा भरली आहे. तिथे तुझा नंबर दिला आहे. पर्तवी हसला, "बंदर अब्बास? खानूम, तो येईपर्यंत चोर जेवून झोपेलसुद्धा." मी म्हटले, असू दे.

तेव्हा गुरुवारी फोन वाजला आणि मी बोलले तर घाबरू नकोस. ती पेटी असेल. पण उचल मात्र.

माहरुख


केरमान, १४ बहमन, शुक्रवार सकाळ

सियामक,

हे पत्र पोस्टात टाकायचे नाही. तू आतल्या खोलीत झोपला आहेस आणि तुझे घोरणे इथवर ऐकू येते. इरजचेही असेच होते.

माझे मागचे पत्र तुला मिळालेच नाही, हे मला पहाटे कळले. ते बंदरात तुझ्या दारात पडलेले असेल. घरी गेलास की वाच. सगळे तोंडी सांगायला मला जमत नाही.

काल काय झाले ते तुला फोनच्या त्या टोकाचे ठाऊक आहे, या टोकाचे सांगते. निरोप भरताना पर्तवीने मला दहा वेळा बोलायला लावले. "खानूम, वाळलेल्या पानासारखं नको, जरा जोरात." शेवटी मी म्हटले, "मी माहरुख बोलते. घरात कुणीतरी शिरलं आहे. ये." बरे नाही, जमले तर, असले काही घातले नाही. मग त्याने दाराचा सेन्सर हलवला, पेटी खटखटली, आणि तिकडची घंटी वाजू लागली. त्याने आवाज मोठा केला होता. बराच वेळ घंटी वाजली. माझे फोन तू उचलत नव्हतास, हा कशाला उचलशील असे मला वाटले.

तू उचललास. माझा निरोप वाजला. आणि तू पेटीशी बोललास.

"वहिनी? वहिनी, खोलीत जा, आतून कडी लावा! आवाज करू नका! मी निघालो!"

पेटीने शांतपणे निरोप पुन्हा सुरू केला. तू पुन्हा म्हणालास, "निघालो म्हटलं ना!" आणि फोन ठेवलास. मी लगेच तुला फोन लावला. लावतच राहिले, पण तू घराबाहेर पडला होतास. पर्तवी आपली हत्यारे गोळा करत म्हणाला, "पेटी चांगली आहे. माणूस तर फारच चांगला आहे." मग दाराशी वळून म्हणाला, "मी म्हटलं ते चोर जेवून झोपण्याचं, ते मागे घेतो."

पहाटे तू दार ठोठावलेस तेव्हा मी धावत आले आणि पेटी बंद करायची विसरले. दार उघडताच भोंगा सुरू झाला. तू पिशवी टाकून कानांवर हात ठेवलेस. तलअत गच्चीतून ओरडत होती, "धरा! धरा त्याला!" आणि वाकून पाहिल्यावर, "अरे देवा, सोडा, सोडा, हा तर आपला आहे!" गल्लीतली निम्मी माणसे रात्रीच्या कपड्यांत बाहेर आली होती. दफनाला कुठे होतास, असे कुणीही विचारले नाही. भोंग्यात विचारता आले नसते.

तू तिथेच उंबऱ्यावर बसलास आणि हसता हसता रडू लागलास. मी बटण शोधत होते. माझ्याने तुझ्याकडे बघवले नाही, तेव्हा बटण शोधणे बरे होते.

संशय गेला का, असे तू चहा पिताना विचारलेस. मी तुझा पेला पुन्हा भरला, उत्तर राहिले. आता देते. संध्याकाळ झाली की मी अजून चावी दोनदा फिरवते, मग परत येऊन बघते. दार वाजले की पडद्याआडून पाहते. बेकरीवाल्याकडे, हुशंगकडे, दूधवाल्याकडेही एकदा नीट पाहून घेते. हे आता माझ्याबरोबर राहील असे दिसते. तुझ्याकडे पाहताना मात्र मला काही तपासावेसे वाटत नाही. त्यापलीकडे मला सांगता येत नाही.

नवरोजला, नव्या वर्षाच्या ईदला, इथेच ये. या घरातली ही मयतानंतरची पहिली ईद आहे, लोक आधी आपल्याकडे येतील. त्या दिवशी दार उघडे ठेवावे लागेल आणि पेटी बंद. ते एकटीने करायचा धीर मला नाही.

पेटीबरोबर दोन रिमोट आले होते. एक माझ्याकडे आहे. दुसरा तुझ्या कोटाच्या खिशात ठेवला आहे, हात घालशील तेव्हा सापडेल. वरच्या बटणाने चालू होते, खालच्याने बंद. जुनी चावीही राहू दे तुझ्याकडे.

आणि एक. पुढच्या वेळी दार सताड उघडे दिसले तर नुसते "या अल्लाह" म्हणून आत येऊ नकोस. माझ्या नावाने हाक मार, आणि मी ओ देईपर्यंत उंबऱ्यावर थांब.

माहरुख